पाण्यावर वसलेले पुरे

‘बावन दरवाजे, बावन पुरे’ ही छत्रपती संभाजीनगरची जुनी ओळख. दरवाज्यांवर पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून ही नोंद पुऱ्यांची. कोणा एकाच्या आखणीतून उभी राहिलेली, बाग, हौद आणि वाहते पाणी धरून वसलेली वस्ती म्हणजे पुरा. इंग्लंडात लेचवर्थ या उद्याननगराची पायाभरणी 1903 साली झाली. इथले पुरे तेव्हा सुमारे अडीचशे वर्षे जुने होते. त्यांतले काय उरले आणि काय चालले आहे, ते खाली मांडले आहे.

पुरा
1610 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने इथल्या खडकी गावी राजधानी वसवली. 1653 मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाला आणि मुघल फौजेतले राजपूत सरदार इथे राहू लागले. बिकानेरच्या करणसिंहाचा करणपुरा, त्याच्या मुलाचा पदमपुरा, मिर्झाराजे जयसिंहांचा जयसिंगपुरा, बुंदेला सरदार पहाडसिंगाचा पहाडसिंगपुरा. करणसिंह 1669 मध्ये इथेच वारला. करणपुऱ्यातल्या देवीची नवरात्रातली जत्रा आजही सारे शहर गोळा करते. जत्रा टिकली. पुऱ्याची मूळ हद्द मात्र आता कोणाला दाखवता येत नाही.

करार
यांतले बिकानेरकरांचे पुरे विसाव्या शतकापर्यंत बिकानेरच्याच ताब्यात होते. 1904 मध्ये महाराजा गंगासिंहांनी करणपुरा, पदमपुरा आणि केसरसिंगपुरा इंग्रज सरकारला दिले. बदल्यात हिस्सार जिल्ह्यातली दोन गावे आणि 25,000 रुपये घेतले. राजस्थानात श्रीगंगानगर जिल्ह्यात आज याच नावांची श्रीकरणपूर, पदमपूर आणि केसरीसिंहपूर ही गावे नांदत आहेत. आपल्या पदमपुऱ्यात वाढणाऱ्या मुलांना हे शाळेत सांगायला हवे.

नहर
पुऱ्यांच्या आधी पाणी आले. मलिक अंबरने उत्तरेच्या डोंगरांकडचे झिरपे जमिनीखाली बांधलेल्या नहरीत गोळा केले आणि केवळ उताराच्या जोरावर गावात आणले. त्याला ना मोट लागली, ना बैल. नहर-ए-अंबरीनंतर आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची वेगळी, बेगमपुऱ्याची थत्ते नहर वेगळी. साफसफाईसाठी वर ठेवलेली नहरीची तोंडे जागोजाग होती. त्यांतली कितीतरी बुजली, काहींवर घरे उभी राहिली. आज शहराचे पाणी पैठणहून, जायकवाडी धरणातून, विजेच्या पंपांनी चढवून येते आणि वर्षानुवर्षे लोकांनी ते काही दिवसांआड भरले आहे.

खापरी नळ
नहरीतून निघालेले पाणी भाजक्या मातीच्या नळांतून गल्लोगल्ली फिरे. एका नळाचे तोंड दुसऱ्यात बसवून सांधा चुन्याने बुजवलेला असे. रस्ता, गटार किंवा केबल यांसाठी खोदताना हे नळ अजून सापडतात. सापडतात, फुटतात आणि मातीसोबत ट्रॉलीत भरले जातात. कुठे सापडले याची नोंद कोणी करत नाही, आणि त्या जागी पुढच्या घराकडे जाणारी पाण्याची वाट कायमची तुटते.

बंबा
दगड-विटांचा उंच, चौकोनी खांब. नहरीचे पाणी एका अंगाने त्यात वर चढे, माथ्यावर मोकळ्या हवेला लागे आणि दुसऱ्या अंगाने उतरून पुढे जाई. नळात कोंडलेली हवा तिथे सुटे, दाब आटोक्यात येई, फाटे तिथूनच फुटत. जुन्या वस्त्यांतून असे खांब अजून दिसतात. त्यांच्यावर जाहिराती चिकटवल्या जातात, तारा बांधल्या जातात. शेजारून रोज जाणाऱ्यांना तो नुसता पडका खांब वाटतो. रस्तारुंदीत तो जातो तेव्हा विरोध करायला कोणी येत नाही.

न्हाणी
इवजखान हा हैदराबादच्या पहिल्या निजामाच्या काळातला सुभेदार. त्याच्या बारादरीत नहर थेट बाजूच्या एका खोलीवरून नेलेली होती. पाणी वरून तुषारांसारखे लांबट हौदात पडे आणि त्या हौदात कारंजी होती. शेजारचा दमडी महल बारादरीवर राबलेल्या मजुरांकडून एकेक दमडी गोळा करून बांधला, असे सांगतात. म्हणून मजुरांच्या त्या दमडीचीही इथे नोंद ठेवतो.

चक्की
बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली पाणचक्की अठराव्या शतकातली. दूरच्या डोंगरातून खापरी नळांनी आलेले पाणी उंचावरून हौदात कोसळे आणि त्याच जोरावर जाते फिरे. त्यावर फकिरांचे आणि वाटसरूंचे धान्य दळले जाई. मोठ्या हौदाचा तळ हाच खालच्या दालनाचा माथा आहे, त्यामुळे वैशाखातही तिथे गारवा असतो. पर्यटक येतात, कोसळते पाणी पाहतात, फोटो काढतात. ते पाणी ज्या वाटेने येते, तिच्या काळजीवर चक्कीचे सारे भवितव्य आहे.

बाग
बेगमपुऱ्याच्या अंगाला बीबी का मकबऱ्याचा चारबाग आहे, 458 बाय 275 मीटरच्या कोटात. त्याला पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. दिल्ली दरवाज्याजवळच्या हिमायत बागेचे पाणी खिजरी तलावाचे. आज त्या तलावाला सलीम अली सरोवर म्हणतात. हिमायत बागेत कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे, म्हणून झाडे वाचली. आंब्याचे मातृवृक्ष आहेत, पक्षी आहेत, जुनी बांधकामे आहेत. पुऱ्यांतल्या खासगी बागांना असा कोणी वाली नव्हता. त्या बागांतून आज इमारती उभ्या आहेत.

जाणकार
नहरीत उतरून गाळ काढणारी माणसे होती. कोणता फाटा कोणत्या गल्लीत वळतो आणि कोणत्या हौदात संपतो, हे त्यांना पाठ असे. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे, कामावरच पोचत गेले. काम थांबले तसे ते पोचणेही थांबले. या यादीतली सर्वांत वेगाने जाणारी वस्तू हीच. बेगमपुऱ्यातल्या, जयसिंगपुऱ्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडे आता बसून विचारले नाही, तर नंतर विचारायला कोणी नसेल.

नकाशा
स्मार्ट सिटीच्या कामांत काही दरवाज्यांची दुरुस्ती झाली. ते चांगलेच झाले. दरवाजा डोळ्यांना दिसतो म्हणून त्याला पैसा मिळतो. पुऱ्यांना जगवणारी नहर जमिनीखाली आहे. ती मेल्याचे शहराला कळतही नाही. बुऱ्हाणपुरात 1615 चा कुंडी भंडारा, अशीच जमिनीखालची नहर, अजून पाणी देतो. बीदरमध्ये कारेझमधला, म्हणजे तिथल्या भूमिगत नहरीतला, गाळ काढला आणि पाणी पुन्हा दिसले. इथेही ते होऊ शकते. त्यासाठी नहरींची रेषा, बंबे आणि तोंडे शहराच्या विकास आराखड्यावर उतरली पाहिजेत, आणि खोदकामाची परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने सही करण्याआधी तो नकाशा उघडला पाहिजे. सुरुवात थत्ते नहरीपासून करावी: उगमापासून बेगमपुऱ्यापर्यंत पुरी मोजावी, गाळ काढावा, मोडलेले सांधे चुन्यातच बुजवावेत.