सुईला दोष देण्याआधी

अमेरिकेतून कायमचे परतणाऱ्यांच्या सामानात हल्ली कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळलेलं एखादं जुनं टर्नटेबल असतं. इथे आल्यावर ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर विकत आणला जातो, यंत्र सुरू होतं, रेकॉर्ड फिरू लागते. प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्डखालच्या फिरत्या थाळीच्या, कडेवर छापलेल्या स्ट्रोबच्या रेघा छोट्या निऑन दिव्याच्या उजेडात अगदी स्थिर दिसतात. म्हणजे वेग बरोबर आहे, असं मालकाला वाटतं. गाणं मात्र जड आणि लांबलेलं. काळी चारमध्ये गाणारा गायक पांढरी चारच्याही किंचित खाली उतरलेला. मालक सुई बदलतो, मग कार्ट्रिज बदलतो, शेवटी अॅम्प्लिफायरवर संशय घेतो.

दोष यातल्या कशातच नसतो. ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब बदलतो, आवर्तनं बदलत नाही. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५० आवर्तनांची. अशा जुन्या यंत्रांतली सिंक्रोनस मोटर या आवर्तनांवरच आपला वेग ठरवते. त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी रेकॉर्ड इथे जेमतेम २७.८ फेरे घेते आणि पट्टी तीन स्वरांहून, म्हणजे पेटीच्या तीन पट्ट्यांहून जरा जास्तच उतरते. मग स्ट्रोबच्या रेघा स्थिर कशा? अमेरिकी स्ट्रोबवर ३३⅓ साठी २१६ रेघा असतात, आपल्या विजेसाठी १८० लागतात. इथला दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि त्या उजेडात २१६ रेघा बरोबर २७.८ फेऱ्यांवर थबकल्यासारख्या दिसतात. मोटर आणि दिवा एकाच विजेवर चालतात, एकाच प्रमाणात मंदावतात आणि एकमेकांसाठी खोटी साक्ष देतात. उपाय सुईच्या दुकानात नाही, मोटरच्या पुलीत आहे. ५० आवर्तनांसाठीची थोडी जाड पुली बसवली की गायक आपल्या पट्टीत परत येतो.

टर्नटेबलच्या बहुतेक तक्रारींची गत अशीच असते. बिघाड ऐकू येतो तो सुईपाशी, म्हणून हात आधी सुईकडे जातो. तपासणी मात्र खालून वर व्हायला हवी: टेबल, मोटर, टोनआर्म, कार्ट्रिजची मांडणी, वायर. खालची पायरी चुकलेली असेल तर वरची कितीही नीट लावली तरी उपयोग होत नाही. सुरुवातीला सुईबाबत एकच खबरदारी घ्यायची. तिचं टोक भिंगाखाली पाहायचं, तुटलेलं नाही ना याची खात्री करायची आणि चाचणीला घरातली सर्वांत बिनमहत्त्वाची रेकॉर्ड लावायची.

टेबलाचा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. एलपीच्या खाचांतली नागमोड मायक्रॉनमध्ये मोजायची. सुई ती हालचाल वाचते, तशीच जमिनीची थरथरही वाचते. लाकडी तक्तपोशीच्या जुन्या घरात कुणी खोलीतून चाललं की सुई उडते. स्पीकर त्याच टेबलावर असेल तर त्याची थरथर सुईतून परत अॅम्प्लिफायरमध्ये जाते आणि आवाज वाढवताच घुमणारी किंकाळी सुरू होते. एडगर व्हिल्चर यांनी १९६१मध्ये एआर कंपनीच्या टर्नटेबलात प्लॅटर आणि टोनआर्म एकाच पट्टीवर बसवून ती पट्टी स्प्रिंगांवर तरंगती ठेवली, ती याच त्रासावर. पुढे थोरेन्स आणि लिन या कंपन्यांनीही तीच वाट धरली. घरी मात्र भिंतीत ठोकलेली भक्कम फळी आणि गवंड्याकडची पाणपातळी एवढ्यावर काम भागतं. पातळी टेबलावर न ठेवता प्लॅटरवर ठेवून पाहावी.

मग वेग. प्लॅटर फिरवण्याच्या तीन रीती आहेत आणि प्रत्येकीचा आजार वेगळा. गॅरार्ड ३०१सारख्या १९५४च्या यंत्रात मोटर आणि प्लॅटर यांच्यामध्ये रबराचं चाक असतं. ते वर्षानुवर्षं एकाच जागी दबून राहिलं की त्याला चपटा डाग पडतो आणि गाण्याखाली धप्-धप् ऐकू येते. बेल्टच्या यंत्रात बेल्ट सैल पडतो, नाहीतर जुना होऊन डांबरासारखा चिकट होतो. तिसरी रीत डायरेक्ट ड्राइव्हची. टेक्निक्सने १९७०मध्ये एसपी-१० आणि १९७२मध्ये एसएल-१२०० आणून ती रूढ केली. तिथे प्लॅटर हाच मोटरचा भाग असतो. अशा यंत्राचा वेग डळमळू लागला तर बहुधा पिचच्या सरकपट्टीवर किंवा बटणांच्या संपर्कांवर गंज आणि धूळ साचलेली सापडते.

इथे घड्याळ फार कामाचं ठरतं. ३३⅓च्या वेगात एक फेरा १.८ सेकंदांचा असतो. स्वराचा हेलकावा दर १.८ सेकंदांनी येत असेल तर दोष प्लॅटरमध्ये आहे किंवा रेकॉर्डमध्ये. दुसरी रेकॉर्ड लावून हेलकावा गेला, तर पहिलीचं भोक मध्यावर नाही किंवा ती उन्हात वाकली आहे. हेलकावा त्याहून जलद असेल तर शोध रबरी चाकाकडे, पुलीकडे, मोटरकडे न्यायचा. वेगातली एक टक्क्याची चूक म्हणजे सुमारे १७ सेंट, दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा जेमतेम सहावा हिस्सा. तंबोरा जुळवणाऱ्या कानाला तेवढंही खुपतं. कागदी स्ट्रोबने तपासायचं तर १८० रेघांचाच घ्यावा आणि जुना पिवळा बल्ब किंवा निऑन दिवा वापरावा. अनेक एलईडी दिव्यांचा उजेड विजेच्या तालावर लुकलुकत नाही, त्यामुळे त्यांच्याखाली रेघा काहीच सांगत नाहीत.

टोनआर्मवर नाणं चिकटवायची आपल्याकडची जुनी रीत मला अजूनही दुरुस्तीला आलेल्या यंत्रांवर भेटते. सुई घसरते म्हणून दोन-अडीच ग्रॅमचं नाणं. आजच्या बऱ्याच कार्ट्रिजना मुळात हवा असतो तोच दोन ग्रॅमच्या आसपासचा भार: ऑर्टोफॉनच्या २एम रेडला १.८, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ईला २.० ग्रॅम. नाण्याने भार दुप्पट होतो, सुईचा दांडा वाकतो आणि खाच झिजते. याच्या उलट गैरसमजही तितकाच महाग पडतो. भार कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात हलकी सुई मोठ्या स्वरांवर खाचेत टिकत नाही. ती दोन्ही भिंतींवर आपटते आणि तो ओरखडा कायमचा राहतो.

भार लावायची पद्धत ठरलेली आहे. बाजूला ओढणारं अँटीस्केट शून्यावर आणायचं. मागचं वजन फिरवत टोनआर्म हवेत आडवा तरंगेपर्यंत न्यायचा. वजनावरची आकड्यांची कडी तेवढी शून्यावर आणायची आणि मग वजन व कडी एकत्र फिरवून कंपनीने सांगितलेला भार द्यायचा. शेवटी अँटीस्केट त्याच आकड्यावर. ते लागतं कशासाठी? वाकड्या टोनआर्मला फिरती रेकॉर्ड सतत मध्याकडे खेचत असते, ती ओढ थोपवण्यासाठी. ते अजिबात नसेल तर सुई आतल्या भिंतीवर रेलते, उजवीकडचा आवाज फाटतो आणि सुई पुढे पुढे घसरते.

कार्ट्रिजची मांडणी हा सर्वांत चिकाटीचा भाग. रेकॉर्ड कापणारं यंत्र त्रिज्येवरून सरळ रेषेत सरकतं, वाजवणारा टोनआर्म मात्र एका खिळीभोवती कमानीत फिरतो. त्यामुळे सुई खाचेला अचूक समांतर येते ती संपूर्ण रेकॉर्डवर दोनच ठिकाणी. प्रचलित मांडणीत ही ठिकाणं मध्यापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरवर येतात. त्या दोन बिंदूंचा छापील कागद प्लॅटरवर ठेवून कार्ट्रिज पुढे-मागे आणि तिरकं सरकवत जुळवायचं असतं. टेक्निक्स एसएल-१२००वाल्यांना सोपा हिशोब आहे: कार्ट्रिज ज्यात बसतं त्या हेडशेलच्या रबरी कडीपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर.

एवढा खटाटोप कशाला, हे बाजू संपत येते तेव्हा कळतं. बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर लांबी सरकते, आतल्या खाचेत जेमतेम २१. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. म्हणून मांडणी चुकली की पहिली गाणी ठीक वाजतात आणि शेवटच्या गाण्यातले ‘स’ आणि ‘श’ थुंकल्यासारखे ऐकू येतात. पहिल्या गाण्यापासूनच फाटत असेल तर मात्र भार, मळ किंवा झिजलेली सुई.

विजेच्या बाजूचे दोष वेगळे ओळखू येतात. सतत गुणगुण येत असेल आणि टोनआर्मच्या धातूला बोट लावताच ती बदलत असेल, तर अर्थची सुटी तार अॅम्प्लिफायरच्या स्क्रूखाली लावलेली नाही. आवाज बारीक, पातळ आणि खर्जाशिवाय येत असेल तर फोनो प्रीअॅम्प नाही. एलपी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात. १९५४पासून रूढ झालेल्या आरआयएए प्रमाणानुसार वाजवताना ते उलट करावं लागतं, २० हर्ट्झला तर सुमारे १९ डेसिबलची उचल द्यावी लागते. शिवाय मॅग्नेटवाल्या कार्ट्रिजमधून जेमतेम पाच मिलिव्होल्ट निघतात, तेही वाढवावे लागतात. ही दोन्ही कामं फोनो प्रीअॅम्पची. उलट, प्लेअरमध्ये फोनो प्रीअॅम्प असताना तो अॅम्प्लिफायरच्याही फोनो जागी जोडला तर खर्ज फुगून सगळं गढूळ होतं.

एकच बाजू वाजत असेल तर हेडशेलच्या तारा पाहाव्यात: पांढरी आणि निळी डावीची, लाल आणि हिरवी उजवीची. या दोन जोड्यांची अदलाबदल केल्यावर मुकेपण दुसऱ्या स्पीकरकडे गेलं तर दोष कार्ट्रिजमध्ये. ते जागीच राहिलं तर दोष तारांत किंवा पुढे अॅम्प्लिफायरमध्ये. कार्ट्रिजच्या पिनांना थेट सोल्डरचा डाग मात्र देऊ नये, उष्णतेने आतली बारीक गुंडाळी कायमची जाते.

मराठी घरांतल्या रेकॉर्डच्या पेट्यांची एक वेगळी अडचण आहे. भारतात लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी फार उशिरापर्यंत निघत राहिल्या, इतक्या की १९६०च्या दशकात बीटल्सची गाणीही इथे ७८वर आली. त्यामुळे एकाच खोक्यात आजोबांचं नाट्यसंगीत ७८वर, भावगीतं ईपीवर आणि शास्त्रीय गायन एलपीवर सापडतं. एलपीच्या सुईचं टोक सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येचं, ७८ला साधारण ७० लागतं. एलपीची सुई ७८च्या रुंद खाचेत तळाशी लोळते आणि तिथला सगळा कचरा वाजवते. वेग ७८वर केला म्हणजे झालं, असं होत नाही. जुन्या प्लेअरमध्ये सुई उलटवायची जी चिमुकली खुंटी असते ती याचसाठी.

स्वच्छतेतही हाच भेद पाळायचा. व्हिनाइलला डिस्टिल्ड वॉटर, साबणाचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश चालतो. लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल कधीही लावू नये, लाख त्यात विरघळते. जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजचा शत्रू तर आपला पावसाळाच. त्यात रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो आणि तो दमट हवेत ओल शोषून निकामी होतो. कोकणातून किंवा मुंबईतून आलेला पेटी-प्लेअर फिरतो पण बोलत नाही, तेव्हा मी पहिल्यांदा तेच तपासतो.

या दिवाळीत माळ्यावरचा प्लेअर खाली काढणार असाल, तर लगेच प्लग लावू नका. आधी व्होल्टेज आणि आवर्तनं पाहा, बेल्ट किंवा रबर तपासा, पिवळी पडून घट्ट झालेली जुनी ग्रीस पुसून काढा. नवीन यंत्रावर खर्च करण्याआधी चांगली सुई आणि भार मोजायचा छोटा डिजिटल काटा घ्या. दुर्मिळ ७८ रेकॉर्ड असेल तर ती स्वतः वाजवून पाहण्याच्या फंदात पडू नका. योग्य सुई असलेल्या जाणकार संग्राहकाकडून तिचं डिजिटल ध्वनिमुद्रण आधी करून घ्या.