सादळू नये म्हणून

खिचडीचं पाकीट कानाशी धरून हलवलं की आत खुळखुळा वाजतो. वजन 85 ग्रॅम. मागच्या बाजूला छापलेलं असतं : पाकिटातच 250 मिली उकळतं पाणी ओता, ढवळा, तोंड बंद करा, दहा मिनिटं थांबा. लडाखच्या ट्रेकला निघायच्या आदल्या रात्री अशी चौदा पाकिटं मी पुण्यातल्या खोलीत फरशीवर मांडून बसलो होतो. एकेक उचलायचं, वाचायचं, या ढिगातून त्या ढिगात ठेवायचं. सात दिवसांची भूक समोर पसरलेली, आणि सगळी मिळून दीड किलोसुद्धा भरत नव्हती. मनात आलं, आपण एरवी जेवण म्हणून जे वाहतो, त्यातलं बहुतेक पाणीच असतं.

हे तसं मला लहानपणापासून ठाऊक असायला हवं होतं. मी सांगलीचा. मार्च लागला की आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसायची. गहू तीन दिवस भिजायचे, वाटले जायचे, चीक शिजायचा. वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून आमच्या पोटात जायचा आणि उरलेला सोऱ्यातून कुरडया होऊन जुन्या धोतरावर उतरायचा. राखणीला मी. हातात काठी, डोक्याला ओला पंचा. संध्याकाळी आजी वर येऊन एक कुरडई उचलायची, बोटांनी मोडायची आणि तो ‘कट्’ आवाज ऐकायची. आवाज नीट आला नाही तर म्हणायची, “अजून एक ऊन लागेल.” ऊन ही मोजायची वस्तू आहे हे मी तिच्याकडून शिकलो. दोन उन्हं, तीन उन्हं. मग पत्र्याचा डबा, झाकणाखाली कागद, आणि पावसाळाभर एकच धास्ती, सादळायला नको.

तासगावला मामाच्या बेदाण्याच्या शेडमध्ये तर हेच काम टनांवारी चालायचं. द्राक्षांचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढायचे, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर सुटतो. मग जाळीच्या रॅकवर पसरायचे. वाऱ्याने पंधरा दिवसांत द्राक्ष आत आत जात राहतं. साल सुरकुतते, गोडी घट्ट होते आणि चार किलोंचा एक किलो उरतो. बेदाणा मला फार आवडतो, पण तो पुन्हा द्राक्ष होत नाही. रात्रभर पाण्यात घाला, फुगेल, पण सुरकुत्या जाणार नाहीत.

म्हणून फ्रीज-ड्राय केलेला मटारचा दाणा मी पहिल्यांदा तळहातावर घेतला तेव्हा कितीतरी वेळ बघत राहिलो. गोल. हिरवा. आकारात तसूभर फरक नाही. वजन मात्र जवळजवळ शून्य, एखाद्या पाखराचं अंडं फुटून नुसतं टरफल उरावं तसं. दाताखाली धरला तर भुगा झाला आणि जिभेवरची लाळ त्याने अशी ओढून घेतली की टाळूला चिकटून बसला. क्षणभरात तिथे खराखुरा, गोडसर, ओला मटार होता. पाणी त्याच्यातून गेलं होतं, पण जाताना घर मोडून गेलं नव्हतं.

हे कसं होतं ते समजायला आपल्या देवघरातली कापराची डबी पुरेशी आहे. कापूर वितळत नाही, ओघळत नाही, तरी डबीत दिवसेंदिवस लहान होत जातो. तो उडू नये म्हणून आजी त्यात चार मिरे टाकायची. बर्फालाही असं उडून जायला लावता येतं, फक्त त्याला पाणी व्हायची संधी द्यायची नाही. शिजलेलं अन्न आधी कडक गोठवायचं, मग बंद पेटीतली हवा ओढून घ्यायची, इतकी की दाब नेहमीच्या दीडशेव्या हिश्शाहूनही कमी उरतो. आता जराशी ऊब दिली की बर्फ थेट वाफ होऊन निघून जातो. उन्हात वाळताना पाणी आतून बाहेर वाहत येतं आणि त्याच्यामागे भिंती कोसळत येतात. इथे पाणी जागच्या जागी नाहीसं होतं आणि त्याच्या जागेवर बारीक बारीक पोकळ्या उरतात. पुढे कधीतरी पाणी त्याच वाटांनी परत आत शिरतं. याला तासन्‌तास लागतात आणि वीज खूप लागते, म्हणून ही पाकिटं महाग.

अँडीज पर्वतातल्या लोकांना यासाठी यंत्र लागलं नाही. तिथल्या उंच पठारावर रात्री बटाटे उघड्यावर ठेवून गोठवतात, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढतात, परत थंडीत आणि उन्हात सोडतात. त्याला चुन्यो म्हणतात, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. आपल्याकडे म्हैसूरला 1961 पासून संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा होती. जवानांच्या पाठीवरचं ओझं हलकं कसं करायचं, याचा तिथे विचार झाला, आणि 1984 साली राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा त्यांच्यासोबतचं भारतीय जेवण तिथलंच होतं. चुन्यो तुडवणारे पाय, गच्चीवरची आजी आणि म्हैसूरचे शास्त्रज्ञ मला एकाच पंगतीला बसलेले दिसतात.

निवड करताना मी आता पाकिटाची पुढची बाजू बघतच नाही. एकदा फसलो होतो. पुढे मोठ्या अक्षरांत फ्रीज-ड्राय लिहिलेलं, आणि पाणी घालून वीस मिनिटांनीही गाजराचे तुकडे चामड्यासारखे. नुसत्या गरम हवेत वाळवलेली भाजी होती ती. तेव्हापासून पाकीट मागून वाचतो. दोन माणसांसाठी असं लिहिलं असलं तरी कॅलरी एकाच्याच असतात. दिवसभर चढून आलेल्या माणसाला साडेतीनशे कॅलरींनी काय होणार. मीठ किती ते बघतो, कारण उंचीवर आधीच तहान तहान होते. तेल-तूप कमी असलेलं घेतो. स्निग्ध पदार्थ सगळ्यात आधी खवट होतो, तेव्हा तूप वेगळ्या बाटलीत नेलेलं बरं, आणि गरम खिचडीवर वरून सोडलेल्या तुपाचा वास तंबूत काय करतो ते ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. शेवटी पाकिटाच्या कडा बोटांनी चाचपतो. टाचणीएवढं भोक पडलं तरी आतला मटार हवेतलं पाणी पिऊन मऊ पडतो. सादळतो.

मार्खा खोऱ्यातल्या त्या ट्रेकला निमालिंगच्या मुक्कामी, साधारण 4,700 मीटरवर, स्टोव्हवरचं पाणी खदखदत होतं, पण हवा इतकी विरळ की पाणी चौऱ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. साधी डाळ तिथे कुकरशिवाय शिजत नाही. माझं जेवण मात्र आधीच कुठेतरी शिजून, गोठून, वाळून आलेलं. पाणी ओतलं, तोंड बंद केलं आणि पाकीट जॅकेटच्या आत पोटाशी धरून बसलो. दहाऐवजी वीस मिनिटं. पोटाला शेक, समोर कांग यात्सेचा पांढरा माथा संध्याकाळी गुलाबी होत चाललेला, आणि आत तांदूळ हळूहळू तांदूळ होतोय. शेजारच्या पॅराशूटच्या कापडाच्या तंबूतल्या लडाखी बाईंनी, आमालेंनी, वाकून पाहिलं, हसल्या, आणि आपल्या वाटीतल्या सत्तूच्या पिठात चहा ओतून बोटांनी गोळा वळू लागल्या. भाजलेल्या जवाचं पीठ, सांपा. आपलं सातूचं पीठच. त्यांना थांबावं लागलं नाही. त्यांनी मला एक गोळा दिला, मी त्यांना खिचडी दिली.

त्या ट्रेकची तीन पाकिटं उरली. दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा आईकडे दिली. “अडीअडचणीला असू देत,” म्हणालो.

2019 च्या ऑगस्टमध्ये अडचण आली. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना ख्यालीखुशाली विचारत नाहीत, इर्विनला किती झालं ते विचारतात. इर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. त्या वर्षी कृष्णा 57 फुटांवर गेली. आई फोनवर म्हणाली, “पाणी चढायलंय, आम्ही वर आलोय, काळजी करू नकोस.” मग फोन लागेना. आई, बाबा आणि म्हातारी आत्या, तिघं चार दिवस वरच्या मजल्यावर. सिलिंडर खाली पाण्यात. वीज नाही. नळ बंद. खिडकीबाहेर पाणीच पाणी, गढूळ, आणि घरात प्यायचं पाणी मोजून.

दुसऱ्या रात्री आईने टॉर्चच्या उजेडात खिचडीचं पाकीट वाचलं. हे तिने मला नंतर सांगितलं, अगदी सहज, भांडी लावता लावता. “उकळतं म्हणे. उकळतं कुठलं आणायचं? गार घालावं म्हटलं, तर पाव लिटर. कळशीत चार-पाच लिटर होतं सगळ्यांत. आत्याच्या गोळ्यांना पाणी लागायचं. ठेवून दिलं परत.” त्यांनी भडंग खाल्लं. शेंगदाणे, गूळ, तासगावचे बेदाणे. तिसऱ्या दिवशी गच्चीवर पातेली मांडून पावसाचं पाणी धरलं. चौथ्या दिवशी बोट आली.

मी ते न फोडलेलं पाकीट कितीतरी वेळ हातात धरून उभा होतो. डोंगरात ज्या हलकेपणासाठी मी त्याला निवडलं होतं, तोच इथे नडला. त्याच्यातून काढलेलं पाणी कुणीतरी कुठेतरी परत द्यावंच लागतं. डोंगरात ते ओढ्यात असतं. पुरात ते कुठेच नसतं.

त्यानंतर आमच्या घरी वरच्या मजल्यावर एक निळं पिंप आलं, आणि ते कशाने भरायचं यावर मी आणि आईने एक अख्खी दुपार घालवली. पहिल्या दोन दिवसांसाठी पाणी न मागणारं सगळं : भडंग, चिक्की, बेदाणे, फुटाणे. मग रिटॉर्टची पाकिटं, ज्यांत राजमा नाहीतर पुलाव आपल्या पाण्यासकट असतो. जड असतात, पण पिंपाला कुठे घाट चढायचाय, आणि गार खाल्ली तरी चालतात. फ्रीज-ड्राय सगळ्यांत खाली, पूर लांबला तर. तीही वीस लिटरचे दोन कॅन शेजारी असतील तरच. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धरलं, आणि खिचडीचं पाणी त्यात धरायचं नाही असं ठरवलं. वातीचा स्टोव्ह, काड्यापेट्या डबल पिशवीत. आत्यासाठी मऊ काहीतरी हवं म्हणून मेतकूट आणि भाताची पाकिटं. प्रत्येकावर आईने मार्करने महिना घातला. मृग लागायच्या आधी पिंप उघडायचं, मुदत संपत आलेलं खाऊन टाकायचं, नवं भरायचं.

या जूनमध्ये मी पिंप रिकामं करायला बसलो. तळाशी, खिचडीच्या पाकिटांच्याही खाली, आजीचा पत्र्याचा डबा. झाकणाखाली कागद. उघडला तर कुरडया. एक मोडून पाहिली, कट्.

“आई, यात कुरडया कशाला? पुरात तेल कुठलं, गॅस कुठला?”

“पुरात कोण तळतंय?” तिने डबा माझ्या हातातून घेतला, झाकण दाबून बसवलं आणि परत तळाशी ठेवला. “पूर ओसरला की चिखल काढायला माणसं येतात. त्यांच्यापुढे चहाबरोबर काय ठेवायचं?”