सरड्याचा घास

स्विंडनला राहणाऱ्या माझ्या भाच्याने येमेनी शॅमेलिऑन पाळलाय. (आपला देशी शॅमेलिऑन पाळणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा इथे कुणी मनावर घेऊ नये!)

परवा त्याचा फोन. "मामा, खाता खाता आ वासून बसलाय, मान ताणतोय, लाळ गळतेय." मी कारकून माणूस, काय सांगणार? "तोंडात बोट घालू नकोस, पाणी ओतू नकोस, डॉक्टर गाठ," एवढेच सुचले. तेच बरोबर ठरले. या प्राण्याची श्वासनलिका जिभेच्या बुडाशीच उघडते, आणि छातीखाली आपल्यासारखा पडदा नसल्याने त्याला जोराने खोकता येत नाही. बिचारा मुकाट्याने गुदमरतो. अर्थात, आ वासला म्हणजे घासच अडकला असेही नाही. उष्मा झाला किंवा फुप्फुसात जंतू शिरले तरी तो तसाच बसतो.

डॉक्टरने चिमट्याने भलामोठा नाकतोडा काढला. खरे तर किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून रुंद नसावा. पिंजऱ्याच्या तळाला खडे-भुसा नको, जिभेला चिकटून तोंडात जातो. वाटीतले पाणी तो सहसा पीत नाही, पानांवर शिंपडावे लागते. घसा कोरडा असला तर घास उतरायचा कसा?

भाचा आता दुकानातून बारकेच किडे आणतो म्हणे.