चिठ्ठ्यांचा तास

नववी-दहावीच्या वेळापत्रकात ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ असा एक विषय असतो. बालभारतीनं त्याचं वेगळं पुस्तक काढलं आहे. या विषयाला श्रेणी असते, लेखी पेपरचा धाक नसतो. त्यामुळे गणिताचा किंवा इंग्रजीचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिली कुऱ्हाड याच तासावर येते. मी गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावला विज्ञान शिकवते. काही वर्षांपूर्वी मी हा तास स्वतःहून मागून घेतला आणि अजून सोडलेला नाही.

मागून घेण्याचं कारण विज्ञानाच्याच वर्गात घडलं. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ या पाठात मानवी प्रजनन येतं. एरवी प्रश्न विचारून भंडावून सोडणारा वर्ग त्या दिवशी एकदम गप्प. मुलं करकटकानं बाकावर रेघोट्या ओढत बसली, मुलींनी माना वर केल्या नाहीत. आकृत्या वहीत नीट उतरल्या, परीक्षेत त्यावर गुणही चांगले पडले. पण स्वतःच्या शरीरात गेली दोन-तीन वर्षं जे चाललं आहे, त्याबद्दल एकानंही काही विचारलं नाही. मग ही मुलं ते कुठून शिकतात, हे आमगावात राहणाऱ्याला सांगायला नको. आमचं गाव नागपूर-हावडा रेल्वेमार्गावर. गोंदियाला जाणाऱ्या गाडीच्या डब्यात आणि रुळालगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’, ‘कमजोरी’, ‘शर्तिया इलाज’ अशा जाहिराती असतात. त्यात आता हातातल्या मोबाइलची भर.

म्हणून नव्या तासाला मी खडूचं रिकामं खोकं टेबलावर ठेवलं. प्रश्न कागदावर लिहून त्यात टाकायचा, नाव लिहायचं नाही. मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, जी भाषा घरी बोलता त्या भाषेत लिहा, असं सांगितलं. मला येईल त्याचं उत्तर त्याच तासाला. येणार नाही ते डॉक्टरांना विचारून पुढच्या आठवड्यात. पहिल्यांदा खोक्यात फारसं काही पडलं नाही. मग एकदा बांध फुटला.

‘स्वप्नात कपडे खराब होते. हा रोग हाय का? दवा सांगा.’ ‘दोन महिने झाले, पाळी आली नाही. मायले कसं सांगू?’ ‘एका बाजूची छाती लहान आहे.’ ‘मले एवढा राग काहून येते?’ ‘मित्र म्हणतात तू पोरीसारखा बोलतो.’ मी एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली. आवाज न बदलता वाचणं, ही त्या तासातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. वाचणारी लाजली की वर्गही लाजतो.

पहिल्या चिठ्ठीचं उत्तर मी अगदी साध्या शब्दांत दिलं. वयात आल्यावर शरीरात वीर्य तयार होऊ लागतं आणि ते कधी कधी झोपेत आपोआप बाहेर पडतं. हा रोग नाही, यानं ताकद जात नाही, उंची खुंटत नाही. रक्ताच्या शंभर थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो हे साफ खोटं आहे. दवा लागत नाही, म्हणून कुणी दवा विकत असेल तर तो पैसे लुबाडतो आहे. मागच्या बाकावरून सुटकेचा उसासा ऐकू आला, तो एका मुलाचा नव्हता. दुसऱ्या चिठ्ठीला सांगितलं की पहिली एक-दोन वर्षं पाळी मागेपुढे होऊ शकते, पण तीन महिने आलीच नाही तर डॉक्टरांना दाखवायचं. आणि मायला सांगायचं. कसं सांगायचं, ते दोन मुलींनी वर्गातच एकमेकींना बोलून दाखवलं.

यात मी नवं काहीच केलेलं नाही. र. धों. कर्व्यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि 1953 मध्ये मरेपर्यंत चालवलं. वाचकांच्या असल्याच प्रश्नांना ते त्यात सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांसाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा 1934 मध्ये त्यांचे वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आणि आमच्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ची शिबिरं कितीतरी वर्षं घेतली आहेत. त्यांचं एक काम मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या 650 बायकांची तपासणी केली, त्यांपैकी 92 टक्क्यांना स्त्रीरोग निघाले. 1989 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. इतक्या बायका इतकी वर्षं गप्प राहून सोसत होत्या. त्यांचं गप्प राहणं माझ्या वर्गातल्या मुलींच्या वयातच सुरू झालं असणार, हे मला ते वाचताना सारखं वाटत राहिलं.

हळूहळू चिठ्ठ्यांमधले प्रश्न शरीरापाशी थांबेनात. ‘मी कोण’ हा मोठा प्रश्न मुलं त्या शब्दांत विचारत नाहीत. ती उंची विचारतात, रंग विचारतात, आडनावाबद्दल विचारतात.

एक मुलगा होता. पहाटे मैदानावर पोलीस भरतीच्या पोरांबरोबर 1600 मीटर धावायचा. भरतीला मुलांची उंची 165 सेंटिमीटर लागते, हा आकडा आमच्याकडे आठवीतल्या मुलालाही पाठ असतो. वर्गाच्या दाराच्या चौकटीवर आतल्या बाजूनं त्यानं पेन्सिलीनं आपल्या उंचीच्या खुणा केल्या होत्या, प्रत्येकीपुढे तारीख. वरच्या पाच-सहा खुणा एकावर एक चढून काळी रेघ झाली होती. धानाच्या चुरणीला मजुरी करून मिळवलेल्या पैशांतून त्यानं उंची वाढवायची पावडर आणली होती. मी त्याला हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्ट्यांचं चित्र काढून दाखवलं. मुलींची वाढ साधारण दोन वर्षं आधी होते, मुलांची सतरा-अठरापर्यंत चालू राहू शकते, आईबापांच्या उंचीचा त्यात मोठा वाटा असतो, आणि पावडरीचा काहीच नसतो. ‘मग 165 होईल का?’ त्यानं विचारलं. होईल असं मी म्हटलं नाही. कुणालाच सांगता येत नाही, म्हटलं.

त्या आठवड्यात वर्गाला लिहायला दिलं: उंची, वजन, रंग आणि मार्क सोडून स्वतःबद्दल एक पान. अर्ध्या वर्गाची पेनं हलेनात. या मुलानं लिहिलं ते बाघ प्रकल्पाच्या कालव्याच्या पाण्याबद्दल. बाप कामासाठी नागपूरला, म्हणून पाण्याची पाळी रात्री आली की हाच टॉर्च घेऊन शेतावर. कुठल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी किती वेळ सोडायचं, धुरा कुठं फुटतो, खालच्या शेतकऱ्याशी भांडण न होता पाणी कसं वळवायचं, हे सगळं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं की रात्री त्याला भीती वाटते, पण धाकट्या भावाला तसं दाखवत नाही. इतकं नेमकं लिहिणारा हा मुलगा निबंधात नापास होत आला होता. ते पान मी त्याला विचारून वर्गात वाचलं. पावडर पुढे बंद केली की नाही, ते मला ठाऊक नाही. चौकटीवर मात्र नव्या खुणा पडल्या नाहीत.

जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी सुरू झाली की आमचे वर्ग ओस पडतात. मुली मायबरोबर रोवण्याला जातात, रोजी मिळते. शाळेच्या दप्तरी ती नुसती गैरहजेरी. परत आलेल्या एका मुलीला मी म्हटलं, शेतात काय केलंस ते फळ्यावर समजावून सांग. ती आधी हसली. मग तिनं बांधीचा चौकोन काढला, पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या कुठं किती फेकायच्या ते ठिपक्यांनी दाखवलं, किती बायका असल्या तर दुपारपर्यंत किती बांध्या उरकतात याचा हिशेब तोंडी केला. मला गणित येत नाही, असं ही मुलगी दर पालक सभेला मान खाली घालून ऐकत आली होती. तिच्या हिशेबातली चूक शोधायला वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा उठला. त्याला ती सापडली नाही.

त्याच आठवड्यात खोक्यात एक चिठ्ठी आली. दिवसभर चिखलात वाकून उभं राहायचं, त्यात पाळी आली तर कपडा बदलायला आडोसा नाही, ओल्या कपड्यानं मांड्या सोलून निघतात, मायला सांगितलं तर ती म्हणते आम्हीही असंच केलं. अक्षर मी ओळखलं आणि ओळखलं नाही असं दाखवलं. मुलांसमोर ती चिठ्ठी वाचावी का, यावर मुलींना आधी विचारलं. वाचा म्हणाल्या. मुलं कान देऊन ऐकत होती. एकानं विचारलं, ‘बांधावर चार काठ्या रोवून साडी बांधली तं?’ पुढच्या हंगामात दोन-तीन शेतांवर तसा आडोसा झाला, हे मला मुलींकडूनच कळलं. दिवाळीनंतर, गावोगावच्या मंडईच्या जत्रांचे दिवस सरल्यावर मायांची सभा बोलावली. ऐकून झाल्यावर एक बाई म्हणाली, ‘आमाले कोणी सांगतलंच नाही.’ सभेत त्याहून खरं वाक्य कुणी बोललं नाही.

सर्वांगीण विकास म्हटलं की शाळांना क्रीडास्पर्धा, चित्रकलेची परीक्षा आणि स्नेहसंमेलन आठवतं. ते सगळं हवंच. पण कालव्यावरची रात्र आणि रोवणीतली पाळी ज्या विकासात बसत नाही, तो सर्वांगीण नाही, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या भागात स्वतःला ओळखण्याचा आणखी एक अर्थ रक्ताच्या तपासणीशी जोडलेला आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, पण महाराष्ट्रात तपासण्या त्याआधीपासून होत आहेत. आधी साधी विद्राव्यता चाचणी, ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस. एका मुलीच्या अहवालावर ‘एएस’ लिहून आलं आणि तिनं डबा खाणं सोडलं. आपल्याला आता आयुष्यभराचा आजार झाला, लग्न होणार नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मी आनुवंशिकतेचा चौकट-तक्ता फळ्यावर मांडला. एएस म्हणजे वाहक, आजारी नव्हे. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मूल सिकलसेलचं होण्याची शक्यता चारात एक; जोडीदार वाहक वा रुग्ण नसेल तर मुलाला तो आजार होत नाही. म्हणजे लग्नाआधी होणाऱ्या नवऱ्याची तपासणी मागायची, इतकंच. ‘मी मागू शकते?’ तिनं विचारलं. पंधराव्या वर्षी लग्नाबाबत आपण काही मागू शकतो हे तिला प्रथमच कळत होतं. आत्मभानाची व्याख्या मी तिला सांगितली नाही. त्या प्रश्नात ते आलेलं होतं.

पदमपूर हे गाव आमगावला अगदी लागून. संस्कृत नाटककार भवभूतीचं पद्मपूर ते हेच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. गावातल्या महाविद्यालयाला भवभूतीचंच नाव आहे. आपली किंमत आज कुणाला कळली नाही तरी पुढे कधीतरी, कुठेतरी कळणारा माणूस जन्मेल, असा भरवसा या नाटककारानं आठव्या शतकात ‘मालतीमाधव’च्या सुरुवातीला बोलून दाखवला. घरची पोवारी किंवा झाडीबोली वर्गात तोंडून निसटली की जीभ चावणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगते.

सगळ्या चिठ्ठ्या वाचून दाखवायच्या नसतात. एकीवर होतं, ‘मले कोणाशीच बोलावंसं वाटत नाही. मी नसलो तं कोणाले फरक पडणार नाही.’ ती मी घडी करून पर्समध्ये ठेवली आणि वर्गाला इतकंच सांगितलं, की एका चिठ्ठीचं उत्तर मला समोर बसून द्यायचं आहे, शाळा सुटल्यावर मी रोज प्रयोगशाळेत असते. काही दिवसांनी तो आला. मी उपदेश केला नाही. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारलं; असं विचारल्यानं तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, उलट त्याला बोलायला वाट मिळते. तो खूप वेळ बोलला. त्याला सांगूनच मी त्याच्या घरी गेले, मग समुपदेशन सुरू झालं. आज तो आयटीआय करतो आहे.

आमगावसारख्या गावात मानसोपचारतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर नसतो. सरकारी रुग्णालयांमधून किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक चालतात, तिथं मुलांना जरूर न्या. ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोन सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक 14416. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी 1098 हा मदत क्रमांक आहेच. हे दोन्ही आकडे माझ्या वर्गात फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलेले असतात आणि फळा पुसताना तेवढा कोपरा सोडायचा असतो. तुमच्या घरात या वयाचं मूल असेल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते आजच लिहून ठेवा.