जागेचा भाव

जागेचा भाव म्हटला की पुण्यातल्या माणसाचे कान आपोआप टवकारतात. कोथरूडला काय चालले आहे, बाणेरला किती चढले, याखेरीज आम्हां पेन्शनरांच्या कट्ट्यावर दुसरा विषय नसतो. त्यामुळे २०२५ च्या एप्रिलात, फिलाडेल्फियाजवळच्या मुलाच्या घरी मुक्कामाला असताना, चौदा वर्षांची नात जेव्हा मला म्हणाली, "आजोबा, खरी किंमत माणसाची नसते, जागेची असते," तेव्हा मी खुर्ची पुढे ओढून बसलो. पाहतो तो विषय निघाला अमेरिकन फुटबॉलचा!

हा खेळ मला नीटसा कळत नाही, हे आधीच कबूल करतो. ज्यात चेंडू बहुतेक वेळ हातात असतो त्याला फुटबॉल का म्हणावे, असे मी पहिल्याच दिवशी विचारले होते, आणि नातीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर अजून आठवते. पण खेळापेक्षा मला त्यांच्या 'ड्राफ्ट'ची मौज अधिक वाटली. दर वसंतात तिथल्या राष्ट्रीय लीगचे ३२ संघ कॉलेजांतून बाहेर पडणारी पोरे पाळीपाळीने निवडून घेतात. सात फेऱ्या, तीन दिवस. गेल्या हंगामात जो संघ तळाला गेला त्याची पाळी पहिली, म्हणजे नापासाला पहिल्या पंगतीचा मान! त्याआधी पोरांची उंची, वजन, हाताचा पंजासुद्धा मोजतात आणि चाळीस यार्ड पळवून वेळ लावतात. आमच्या लहानपणी मुलगी पाहायला आलेली मंडळी तिला चार पावले चालून दाखवायला सांगत, त्याची मला आठवण झाली. नातीला सांगितले तर ती म्हणाली, "पण यांना पैसे तरी मिळतात."

ही युक्ती मुळात फिलाडेल्फियाच्याच संघाच्या बर्ट बेल यांची. त्यांचा संघ सारखा हरे आणि चांगले गडी बळकट संघांकडे जात. पहिली निवड १९३६ साली याच शहरातल्या एका हॉटेलात झाली. नऊ संघ, नऊ फेऱ्या. पहिले नाव निघाले जे बरवँगर यांचे; आणि या गृहस्थांनी व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही! पुढे फोम-रबर विकण्याच्या धंद्यात शिरले. मुहूर्ताचा नारळच असा निघाला म्हणायचा.

तर जागेचा भाव. क्वार्टरबॅक हा घरातला कर्ता. जवळजवळ प्रत्येक डावाला चेंडू आधी त्याच्या हाती येतो, आणि कुणाला द्यायचा, कुठे फेकायचा, हे तो ठरवतो. असे गडी थोडे, म्हणून भाव आकाशाला भिडलेला. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या बारा नावांत सहा क्वार्टरबॅक होते. त्याच्याखेरीज आणखी मोठा मान कुणाचा असेल? मला वाटले, चेंडू घेऊन पळणाऱ्याचा. तसे नाही. मान आहे 'लेफ्ट टॅकल' नावाच्या आडदांड गड्याचा, ज्याच्या हाती चेंडू जन्मात क्वचित येतो. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक फेकायला वळला की डावी बाजू त्याच्या पाठीशी जाते. तिकडून कोण चालून येतो ते त्याला दिसत नाही. १९८५ साली न्यूयॉर्कच्या लॉरेन्स टेलरने वॉशिंग्टनच्या जो थाइसमनला असे गाठले, की त्याचा पाय मोडला आणि पुन्हा तो मैदानात उतरला नाही. सारा देश टीव्हीवर पाहत होता. १९९३ पासून खेळाडूंना मोकळ्या बाजारात करार करता येऊ लागले, तेव्हा या पाठराखणीची खरी किंमत कळली. तरी त्या गड्याचे नाव घेतले जाते ते बहुधा तो चुकला तरच. स्वैपाकातल्या मिठासारखे.

पण भाव नुसता उपयोगावर ठरत नाही, यातली खोच नातीनेच मला समजावून दिली. पूर्वी नव्या पोरांचे करार बेफाट होत. २०१० साली पहिली निवड झालेल्या सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती. २०११ पासून नियम बदलला आणि पगार निवडीच्या क्रमांकावर ठरू लागला. त्या वर्षी पहिल्या आलेल्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा सगळा करार सुमारे २ कोटी २० लाखांचा. म्हणजे काय, तर पेटीचा भाव बांधून दिला. आत हापूस असो की रायवळ. मग शहाणा माणूस कुठली पेटी उचलील? बाहेर बाजारात जे सर्वांत महाग, ते! क्वार्टरबॅक बाहेर घ्यायचा तर वर्षाला कोट्यवधी डॉलर पडतात. पळणारा गडी, म्हणजे रनिंग बॅक, बाहेर स्वस्तात मिळतो, चौथ्या-पाचव्या फेरीतही सापडतो, आणि रोज अंगावर धक्के घेऊन त्याचे पाय लवकर थकतात. तेव्हा त्याच्यावर पहिली निवड कशाला खर्चायची? २०२४ च्या पहिल्या फेरीत ३२ नावांत एकही रनिंग बॅक नव्हता.

हे सांगणाऱ्या नातीच्या अंगात मात्र २६ नंबरचा हिरवा सदरा होता, साक्वॉन बार्कलीचा. तो रनिंग बॅकच! न्यूयॉर्कच्या जायंट्स संघाने २०१८ साली त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले, तेव्हा जाणत्यांनी कपाळाला हात लावला. सहा वर्षांनी त्यांनी त्याला जाऊ दिले. तो फिलाडेल्फियाला आला, त्या एका हंगामात २००५ यार्ड पळाला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाने अंतिम सामना ४०-२२ असा जिंकला. "मग जाणते चुकले की!" मी म्हटले. "तसं नाही, आजोबा. तिकडे त्याच्यापुढे वाट करून देणारं कुणी नव्हतं. इथे आहेत." मुलगी न्यायाची आहे. आवडत्या गड्यासाठीही हिशेब सोडत नाही.

मग तिने मला तिथला जुना वाद सांगितला. आपली पाळी आली की यादीत उरलेला सर्वांत गुणी खेळाडू उचलावा, की जागेचा भाव पाहून उचलावे? तिने सहज विचारले आणि मी गप्प झालो.

कारण आमच्या वाईच्या घरात १९६४ साली असाच एक ड्राफ्ट झाला होता. वडील प्राथमिक शिक्षक. पुण्याला ठेवून शिकवायला पैसा एकापुरताच. अक्का त्या वर्षी मॅट्रिकला शाळेत पहिली आली. मी तिच्यामागे दोन इयत्ता, आणि अकलेने दोन कोस. वडिलांनी निवड केली नाही, राखून ठेवली. "बाळूची पाळी दोन वर्षांनी यायची आहे," एवढेच म्हणाले. ते दुष्ट नव्हते, हिशेबी होते. मुलगी आपल्या घरी राहणार किती वर्षे? मुलाची जागा मोलाची. अक्का शिवणयंत्रावर बसली. संध्याकाळी ती गल्लीतल्या पोरांना बीजगणित शिकवी. पुण्याला मला दरमहा पंधरा रुपयांची मनिऑर्डर येई, ती तिच्या पैशांतून, हे मला फार उशिरा कळले. मी कसाबसा पदवीधर झालो आणि बँकेत चिकटलो.

हे मी नातीला सांगितले. ती जरा वेळ थांबून म्हणाली, "म्हणजे यादीत बेस्ट प्लेअर अक्काआजी होती. आणि तुम्ही क्वार्टरबॅक होता?"

"क्वार्टरबॅकच्या जागेवर उभा होतो, एवढंच," मी म्हटले.

२४ एप्रिलच्या रात्री आम्ही ड्राफ्ट पाहायला बसलो. पहिले नाव अपेक्षेप्रमाणे क्वार्टरबॅकचे, कॅम वॉर्डचे. चौथा लेफ्ट टॅकल. सहावे नाव पुकारले आणि नात ओरडलीच. अ‍ॅश्टन जेंटी, रनिंग बॅक! लास व्हेगासने सहावी निवड त्याच्यावर खर्च केली होती. टीव्हीवरची मंडळी लगेच भांडू लागली, एवढी किंमत द्यावी की नाही म्हणून.

वाईला तेव्हा सकाळ झाली होती. अक्का अठ्ठ्याहत्तरीतही पहाटे उठते. मी फोन लावला. तिने आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मग सुनेची. मी मध्येच विचारले, "अक्का, मॅट्रिकला तुला किती गुण होते ग?"

"बीजगणितात ९२," ती म्हणाली. एक क्षणही लागला नाही. "का रे? थांब, दूधवाला आलाय."

फोन तिने तसाच ठेवला. पातेल्यात दूध ओतल्याचा आवाज मला ऐकू येत होता. इकडे सातव्या संघाची दहा मिनिटे सुरू झाली होती.