सूर्यमाळची दैनंदिनी : दिवसा हिंडणारी पाल

पहिला दिवस

खोडाळ्याकडून सूर्यमाळचे पठार चढताना कार्तिकातील नागली कापणीला आलेली दिसते, आणि शेतांच्या वरच्या अंगाला बेसॉल्टचे, म्हणजे लाव्हारस थिजून बनलेल्या काळ्या कातळाचे, कडे उभे राहतात. या मुक्कामाचा हेतू दिनचर, म्हणजे दिवसा भक्ष्य शोधणाऱ्या, पालींच्या अधिवासाची पाहणी हा आहे. संध्याकाळी पाड्यातील दिव्याभोवती टपलेली घरपाल ही त्यांची निशाचर नातलग होय; तिची बाहुली उजेडात उभ्या फटीसारखी आकसते, तर दिनचर पालीची गोलच राहते.

दुसरा दिवस

दिनचर पाल म्हटले की अंदमानची हिरवीगार, तांबड्या ठिपक्यांची पाल आठवते. ती ‘फेल्सुमा’ या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, मोडते. या गटातील बहुतेक जाती मादागास्कर, मॉरिशस, सेशेल्स अशा दूरच्या बेटांवर राहत असल्याने अंदमानची ही एकटी जात विशेष लक्षणीय ठरते. सह्याद्रीतील दिनचर पाली मात्र ‘नेमॅस्पिस’ या वेगळ्या प्रजातीच्या असून, त्या बोटभर लांबीच्या, मातकट रंगाच्या आणि सडपातळ, नखेदार बोटांच्या असतात. कोल्हापूर जिल्ह्यातील अशी एक जात वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रथम नोंदवली, तर साताऱ्याजवळील कासच्या पठारावरील दुसऱ्या जातीला 2014 मध्ये गिरी यांचेच नाव मिळाले. यांपैकी अनेक जातींचा वावर एखाद्या डोंगररांगेपुरताच असतो, कारण दमट सावली सोडून तापलेली दरी ओलांडणे इतक्या लहान प्राण्याला दुष्कर असते. म्हणून सह्याद्रीतील डोंगरमाथेही त्यांच्यापुरती बेटेच ठरतात. दिवसा हिंडणारी पाल ऊन शोधत असेल, हा समज येथे चुकीचा ठरतो. कपार, झाडाचे खोड आणि त्यांवरची सावली, हेच तिचे घर होय, आणि त्यामुळेच एक मोठे झाड तुटले किंवा एक कातळ फोडला गेला, तरी ते नुकसान किरकोळ मानता येत नाही.

तिसरा दिवस

देवबांधच्या वाटेवरील ओढ्याकाठी, उंबराच्या सावलीतील एका कपारीत, दगडाला घट्ट चिकटलेल्या जुन्या अंड्यांचे पांढरे, गोल ठसे जोडीजोडीने आढळले. पाल दिसली नाही. पाहणीसाठी उलटलेले दगड त्यांच्या मूळ खळग्यांत परत बसवून, त्या कपारीवर ऊन कोणत्या वेळी पोहोचते याची नोंद करण्यात आली.