गुंगी, पण शुद्धीत

नारायणगडाच्या परिसरात आमचे किराणा-कापडाचे दुकान आजोबांच्या काळापासून आहे. एकादशीला नगद नारायण महाराजांच्या दर्शनास येणारे वारकरी ही आमची तीन पिढ्यांची गिऱ्हाइके. आमची बाई, म्हणजे आई, अठराव्या वर्षी या घरात आली. तेव्हापासून तिचे सामायिक आणि चौविहार कधी चुकले नाहीत. आज ती एकाहत्तर वर्षांची आहे.

गेल्या चैत्री ओळीत आयंबिल करताना तिला चक्कर आली. आम्ही सर्वांनी तो तपाचा थकवा मानला. पारणे झाले, तरी थकवा गेला नाही. चेहरा पांढुरका पडला, दोन पायऱ्या चढताच धाप लागू लागली. रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन साडेसात! शौचास काळे होत असल्याचे तिने संकोचाने सुनेला उशिरा सांगितले. पोटात कुठेतरी रक्त झिरपत आहे, दुर्बिणीने तपासावे लागेल, असे डॉक्टर म्हणाले.

बाईने स्वच्छ नकार दिला.

त्याला दोन कारणे होती. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात तिची अशीच तपासणी झाली होती. घशात बधिरतेचा फवारा मारून, दोघांनी हात धरून नळी घातली होती. केवळ फवाऱ्यावर ही तपासणी पुष्कळांची सुखरूप होते, हे खरे. परंतु तिला काय होणार हे कुणी सांगितले नव्हते आणि थांबा म्हणण्याची सोयही नव्हती. दुसरे कारण अधिक खोल होते. ती म्हणाली, “या वेळी तुम्ही मला भूल द्याल. बेशुद्धीतच गेले, तर मुखी नवकार कुठून येणार? समाधिमरणाची भावना जन्मभर भावली, ती काय अशी वाया घालवू?”

आम्हा भावांना हा हट्ट वाटला. तिला नीट न सांगताच घेऊन जावे, असाही विचार मनात आला, हे आज लिहिताना लाज वाटते. या वादात तीन आठवडे गेले आणि हिमोग्लोबिन आणखी उतरले. शेवटी आनंदऋषीजी महाराजांच्या दर्शनासाठी नगरला, आनंदधामला जाऊ आणि तिथे एका डॉक्टरांना केवळ भेटू, एवढ्यावर ती तयार झाली.

त्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला ठेवून प्रथम बाईलाच विचारले, “आजी, भीती कशाची वाटते?” तिने सारे सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, “भुलेच्या चार पायऱ्या असतात. पहिलीत मन नुसते शांत होते. दुसरीत गुंगी येते, पण हाक मारली किंवा हलकेच हात लावला की माणूस प्रतिसाद देतो. श्वास स्वतःचा स्वतः घेतो. तिसरीत झोप गाढ असते, सहज जाग येत नाही, कधी श्वासाला मदत लागते. चौथी पूर्ण भूल, मोठ्या शस्त्रक्रियेची. तुम्हाला मी दुसऱ्या पायरीवर ठेवणार.”

बाईने विचारले, “आणि पाय घसरून तिसरीवर गेले तर?”

मला तो प्रश्न ऐकून आश्चर्य वाटले. डॉक्टरांना तो आवडला. त्यांनी मान्य केले की असे होऊ शकते, एकच मात्रा प्रत्येकाला सारखी लागू पडत नाही. म्हणूनच वयस्कांना औषध कमी, थोडे थोडे आणि थांबून थांबून देतात. बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू सतत पाहतात, रक्तदाब मोजत राहतात आणि केवळ रुग्णाकडे लक्ष ठेवण्यासाठी एक माणूस नेमलेला असतो. ते मिडाझोलम आणि फेंटानिल वापरणार होते. दोहोंचा परिणाम उलटवणारी औषधे असतात, तीही हाताशी ठेवलेली असतात.

नंतर आपल्या घरांतील प्रश्न निघाला. “औषधात अंडे वगैरे?” डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. ही दोन्ही औषधे रासायनिक प्रक्रियेने तयार होतात. परंतु गाढ झोपेसाठी जे दुधासारखे पांढरे औषध देतात, प्रोपोफोल, त्यात सामान्यतः सोयाबीनचे तेल आणि अंड्याच्या बलकातून शुद्ध केलेले लेसिथिन असते. नियोजित तपासणीत आधी विचारले, तर बहुधा दुसरा मार्ग काढता येतो. जिवावर बेतले, तर तेव्हा ज्याची गरज ते द्यावे लागेल, हेही त्यांनी सांगितले. त्या प्रसंगी काय करायचे, हे प्रत्येक कुटुंबाने गुरुजनांना विचारून आधीच ठरवावे. ऐन वेळी दारात उभे राहून ठरवणे कठीण.

उपाशी राहण्याचा नियम तर बाईला नवा नव्हताच. हलक्या आहारानंतर किमान सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास जावे लागतात, कारण गुंगीत पोटातले वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. चौविहारात हे आपोआप साधले. रक्तदाबाची गोळी नवकारशीनंतर दोन घोट उकळलेल्या पाण्याबरोबर घ्यायची आणि तपासणी साडेनऊला, असे ठरले. मोठ्या आतड्याच्या तपासणीत मात्र रात्री लिटर-दोन लिटर औषधी पाणी प्यावे लागते. चौविहार असणाऱ्यांनी वेळ घेतानाच हे सांगावे. तपासणी दुपारी असली, तर पुष्कळदा ते सकाळी घेता येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईने सही स्वतः केली. आत जाण्यापूर्वी तिने सागारी संथारा घेतला: जाग येऊन तीन नवकार म्हणेपर्यंत सर्व त्याग. सिस्टरांनी तिला डाव्या कुशीवर वळवले, दातांत कडे बसवले आणि सांगितले, “बोलता येणार नाही, त्रास झाला तर माझा हात दाबा.” दहा मिनिटांत सर्व आटोपले. मध्ये एकदा हात दाबला होता, तेव्हा डॉक्टर थांबले होते, असे सिस्टर म्हणाल्या.

बाहेर आणल्यावर बाईने डोळे उघडले, हात जोडून तीन नवकार म्हटले आणि पच्चक्खाण पाळले. अर्ध्या तासाने मला जवळ बोलावून म्हणाली, “थांब, माझे पच्चक्खाण पाळायचे राहिले,” आणि पुन्हा तीन नवकार म्हटले. हात दाबल्याचेही तिला आठवत नव्हते. या औषधाने स्मरण काही काळ पुसले जाते. म्हणूनच सोबत माणूस लागतो, सूचना लेखी घ्याव्या लागतात आणि 24 तास वाहन चालवणे, सौदा करणे, धनादेशावर सही करणे वर्ज्य असते. आपल्यासारख्या व्यापाऱ्यांनी हा नियम हलका समजू नये; माणूस बोलतो नीट, पण ते त्याच्या लक्षात राहीलच असे नाही.

जठरात व्रण निघाला. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे दुकानातून आणून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या हे त्याचे कारण ठरले. त्या बंद झाल्या, औषध सुरू झाले. आता बाई गडाच्या पायऱ्या चढते.

परतताना गाडीत मी तिला म्हणालो, “बाई, तू शुद्धीत होतीस, पण तुला आठवत नाही.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आठवणीचे काय, ती जातेच. मला खरे सांगून, विचारून नेले, एवढे मला आठवते.”